आधी घरचा आकडा, मग कॉलेजचं नाव: अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजांची आर्थिक मदत कशी पारखायची

भाची यादी घेऊन आली तेव्हा वहीच्या पानावर पंधरा कॉलेजं होती. प्रत्येकापुढे क्रमवारीतला नंबर, गावाचं नाव, थंडी किती पडते ते. एकापुढे तर ‘लायब्ररी भारी’ असंही लिहिलेलं. पैशांचा रकानाच नव्हता. मी कऱ्हाडला एका कर-सल्लागाराच्या ऑफिसात बावीस वर्षं लोकांची विवरणपत्रं भरतेय, त्यामुळे माझी नजर आधी तिथेच गेली. विचारलं तर म्हणाली, “आत्या, ते नंतर बघू गं. आधी ॲडमिशन तर मिळू दे.”

अमेरिकेतल्या कॉलेजांपुढे ‘नंतर बघू’ चालत नाही. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदतीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच द्यायचा असतो, आणि बऱ्याच कॉलेजांचा नियम असा की पहिल्या वर्षी मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मिळणार नाही. म्हणून ती यादी आम्ही बाजूला ठेवली आणि उलट्या टोकाने सुरुवात केली. भाची आता तिथे तिसऱ्या वर्षाला आहे. तेव्हापासून दर पावसाळ्यात ओळखीतले आईवडील फाइल घेऊन येतात. त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

इतकी महाग कॉलेजं स्वस्त कशी पडतात

‘लिबरल आर्ट्‌स’मधल्या आर्ट्‌सचा आपल्याकडच्या कला शाखेशी संबंध नाही. गणित, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स, अर्थशास्त्र, संगीत सगळं एकाच छताखाली असतं आणि मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचा असतो. विद्यार्थी दीड ते अडीच हजार. बहुतेक ठिकाणी पीएचडीचे विद्यार्थी नसतातच, त्यामुळे पहिल्या वर्षाचा तासही प्राध्यापकच घेतात. हे सगळं नातेवाइकांना पटवण्यात वेळ घालवू नका. “चौऱ्याण्णव टक्के पडून आर्ट्‌सला?” हा प्रश्न प्रत्येक लग्नकार्यात येणारच.

फी, खोली आणि जेवण धरून नावाजलेल्या कॉलेजांचा वर्षाचा छापील खर्च आता ९० हजार डॉलरच्या आसपास गेलाय. म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी लाख रुपये. हा आकडा बघितला की माणसं वेबसाइट बंद करतात. पण छापील खर्च आणि तुम्हाला पडणारा खर्च यांचा संबंध फार थोडा असतो. मधे असतो तो कॉलेजचा देणग्यांतून साठलेला निधी, ज्याला तिकडे एंडाउमेंट म्हणतात. आयोवा राज्यात मक्याच्या शेतांमध्ये ग्रिनेल नावाचं कॉलेज आहे, विद्यार्थी सतराशेच्या आसपास. तिथला १९४९ चा पदवीधर रॉबर्ट नॉइस पुढे इंटेलचा सहसंस्थापक झाला, तेव्हा कॉलेजने त्या कंपनीत अगदी सुरुवातीला पैसे गुंतवले. वॉरन बफे तेव्हा विश्वस्त होते. आज त्या कॉलेजचा निधी दोन अब्ज डॉलरच्या वर आहे. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना यांचेही निधी त्याच मापाचे. २०२५ च्या कायद्याने अमेरिकेत अशा निधींवरचा कर वाढवला खरा, पण तीन हजारांपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या कॉलेजांना त्यातून वगळलं. छोटं असण्याचा असाही फायदा.

त्यामुळे होतं काय, की ऐंशी लाखांचं कॉलेज तुम्हाला चार-पाच लाखांत पडू शकतं आणि पस्तीस लाखांचं कॉलेज पस्तीस लाखांतच पडतं.

पहिलं काम: घरचा आकडा रुपयांत लिहा

माझ्या भावाचं बियाणं-खतांचं दुकान आहे आणि वडिलोपार्जित जमिनीत वाटा आहे. वर्षाला किती देता येतील विचारलं तर म्हणाला, “बघू की, होईल काहीतरी.” सगळे बाबा असंच म्हणतात. मी त्याचं पासबुक मागितलं आणि वहिनीला समोर बसवलं. दुकानाचा निव्वळ नफा लिहिला, मग घराचा हप्ता, धाकट्याची शाळा, आईची औषधं, हातात ठेवायची रक्कम एकेक करत वजा केली. खाली उरले सहा लाख. सात हजार डॉलर धरा. मग विचारलं, यात विमानाचं तिकीट आहे का? आरोग्य विमा? पुस्तकं, थंडीचे कपडे, डिसेंबरात वसतिगृह बंद असताना राहायचं कुठे? काहीच नव्हतं. ते काढल्यावर कॉलेजला देण्यासारखे उरले साडेचार हजार डॉलर.

हा आकडा मी लाल शाईने वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. ज्या कॉलेजात यापेक्षा बरंच जास्त द्यावं लागेल ते कितीही आवडलं तरी यादीत नाही, एवढाच नियम. आकडा काढताना दोन गोष्टी सोडू नका. एक, तो चार वर्षं दरवर्षी द्यायचा आहे. दोन, तो डॉलरमध्ये द्यायचा आहे आणि डॉलर वर चढत जातो. २०१५ मध्ये तो साठ-पासष्ट रुपयांना होता, आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. चार वर्षांत दहा टक्के तरी आणखी जातील असं धरून चाला. जमीन विकून पहिलं वर्ष भागवायचा बेत कुणी सांगितला तर मी दुसऱ्या वर्षाचं विचारते.

दुसरं काम: तीन शब्द नीट समजून घ्या

नीड-ब्लाइंड म्हणजे प्रवेश ठरवताना तुम्ही मदत मागितली आहे की नाही हे बघितलंच जात नाही. नीड-अवेअर म्हणजे बघितलं जातं. दोन सारख्या मुलांमधला एक घ्यायचा असेल तर ज्याला कमी पैसे द्यावे लागतील त्याचं पारडं जड होऊ शकतं. तिसरा शब्दप्रयोग सगळ्यात महत्त्वाचा: ‘पूर्ण गरज भागवणे’. प्रवेश दिला तर तुमची गरज जितकी निघेल तितकी सगळी मदत कॉलेज देईल.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला असा की वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत ‘आम्ही नीड-ब्लाइंड आहोत’ असं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘अमेरिकन नागरिकांसाठी’. त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांचं पान वेगळं शोधून वाचायचं. फाफ्सा हा सरकारी अर्ज आणि क्वेस्टब्रिज ही गुणवान गरीब मुलांसाठीची योजना यांची नावं यूट्यूबवर सारखी ऐकू येतात. भारतात शिकणाऱ्या भारतीय मुलांना दोन्हींचा उपयोग नाही.

दुसरा खड्डा म्हणजे तुमची गरज किती हे तुम्ही नाही, कॉलेज ठरवतं. आम्ही साडेचार हजार म्हणू, त्यांच्या हिशेबात अकरा हजार निघतील. तो हिशेब कशावर होतो ते पुढे अर्जाच्या भागात येईलच.

तिसरं काम: यादी खिशाप्रमाणे लावा

परदेशी मुलांसाठीही नीड-ब्लाइंड आणि शिवाय पूर्ण गरज भागवणारी लिबरल आर्ट्‌स कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. ॲमहर्स्टने हे २००८ मध्ये सुरू केलं, बोडनने २०२२ मध्ये, आणि व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन अँड लीने २०२४ मध्ये, एका माजी विद्यार्थ्याने १३ कोटी २० लाख डॉलर दिल्यावर. (उच्चाराचं सांगून ठेवते: तिकडे ‘ॲमर्स्ट’ म्हणतात, ह गिळतात, आणि बोडनचं स्पेलिंग वाचलं तर ते ‘बाउडोइन’ वाटतं. मुलाखतीत पहिलं वाक्यच चुकायला नको.) ॲमहर्स्ट आणि बोडनला शंभर अर्जदारांतले दहाही आत जात नाहीत. म्हणून ही नावं ठेवायची, पण त्यांच्यावर विसंबायचं नाही.

माझ्या मते खरा खेळ दुसऱ्या गटात आहे: नीड-अवेअर, पण प्रवेश दिला तर पूर्ण गरज भागवणारी. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, मिडलबरी, वेस्लियन, व्हॅसर, कोल्बी, बेट्स, हॅव्हरफर्ड, कार्लटन, मकॅलेस्टर ही त्यातली ओळखीची नावं. मुलींसाठी स्मिथ, माउंट होलिओक, ब्रिन मॉर आणि वेलस्ली. ‘फक्त मुलींचं कॉलेज’ म्हटल्यावर पोरी नाक मुरडतात, पण स्मिथमध्ये इंजिनिअरिंगची पदवी आहे, आणि स्मिथ, माउंट होलिओक आणि ॲमहर्स्टच्या मुलांना एकमेकांच्या कॉलेजातले तास घेता येतात, मधे बस धावते. विल्यम्सने २०२२ मध्ये मदतीतून कर्ज आणि सक्तीची नोकरी दोन्ही काढून टाकली. जे मिळतं ते सगळं अनुदान.

विल्यम्सचा आपल्याशी एक जुना धागा आहे. १८०६ साली त्या कॉलेजच्या काही मुलांनी पावसात गवताच्या गंजीआड बसून प्रार्थना केली, त्यातून अमेरिकेची परदेशी मिशनची चळवळ उभी राहिली. त्याच कॉलेजचा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. नगरहून १८४२ मध्ये निघालेलं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्याच मिशनचं. अर्जात लिहायची ही गोष्ट नव्हे. पण भाचीला सांगितली तेव्हा ते नाव पहिल्यांदा तिला आपल्या नकाशावर दिसलं.

तिसरा गट मेरिट स्कॉलरशिप देणाऱ्यांचा: वुस्टर, डेनिसन, लॉरेन्स, नॉक्स, बेलॉइट, डिकिन्सन वगैरे. इथे प्रवेशाची शक्यता बरी, पण मदत मिळूनही बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास खर्च अंगावर राहतो. घरचा आकडा वीस-पंचवीस लाखांचा असेल तर हा गट तुमचा. साडेचार हजार डॉलरवाल्याने इथे अर्जाची फी वाया घालवू नये. अपवाद म्हणजे सगळा खर्च उचलणाऱ्या मोजक्या स्पर्धात्मक स्कॉलरशिप, उदाहरणार्थ वॉशिंग्टन अँड लीची जॉन्सन किंवा डेव्हिडसनची बेल्क.

केंटकीतलं बरीया कॉलेज या कुठल्याच गटात बसत नाही. १८५५ चं कॉलेज, १८९२ पासून कुणाकडूनही शिक्षण शुल्क घेत नाही, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं. परदेशी मुलं दरवर्षी अगदी थोडी घेतात, पण घेतली की पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च भागवतात. खरंच हलाखी असेल तर हे नाव यादीत हवंच.

मूल अजून दहावीत असेल तर आणखी एक रस्ता आहे, तोही आपल्या दाराशी. मुळशी तालुक्यात १९९७ पासून यूडब्ल्यूसी (युनायटेड वर्ल्ड कॉलेज) महिंद्रा आहे. अकरावी-बारावी तिथे आयबी हा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा होतो आणि गरजेप्रमाणे स्कॉलरशिप मिळते. यूडब्ल्यूसीतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी डेव्हिस स्कॉलर्स नावाची योजना २००० साली पाच कॉलेजांपासून सुरू झाली, त्यात कोल्बी, मिडलबरी आणि वेलस्ली होती. आज तिच्यात अमेरिकेतली कितीतरी कॉलेजं आहेत, आणि अशा मुलांच्या मदतीचा काही भार ही योजना उचलते. बारावीत गेल्यावर हे कळून उपयोग नाही.

चौथं काम: एच-६ चा रकाना वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. गूगलवर कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ असं टाका. बहुतेक कॉलेजं दरवर्षी हा ठरावीक साच्यातला पंचवीस-तीस पानांचा अहवाल प्रसिद्ध करतात. त्यात ‘बी-२’ या तक्त्यात नॉन-रेसिडेंट, म्हणजे परदेशी विद्यार्थी एकूण किती ते असतं. मग थेट ‘एच-६’वर जा. परदेशी विद्यार्थ्यांना मदत देता का, किती जणांना दिली, सरासरी किती, एकूण किती, हे तिथे चार ओळींत लिहिलेलं असतं.

समजा ‘अ’ कॉलेजात परदेशी मुलं २१०, मदत मिळालेली १८० आणि सरासरी ६८ हजार डॉलर. ‘ब’ कॉलेजात परदेशी मुलं १६०, मदत मिळालेली ४५ आणि सरासरी २४ हजार. ‘ब’च्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर ‘उदार आर्थिक मदत’ असं छापलेलं असू शकतं. पण रकाना सांगतोय की तिथली बहुतेक परदेशी मुलं पूर्ण पैसे भरणारी आहेत आणि ज्यांना मदत मिळते त्यांनाही खर्चाच्या चार भागांतला साधारण एक भागच मिळतो. ‘अ’मध्ये मदत घेणं हीच रीत आहे. विवरणपत्र वाचणाऱ्या माणसाला यापेक्षा आणखी काय हवं!

एक काळजी घ्या. या सरासरीत गरजेची मदत आणि मेरिटची स्कॉलरशिप एकत्र असू शकते, आणि एका वर्षावरून अंदाज बांधू नये. तीन वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवा. मदत मिळणाऱ्यांची संख्या उतरत असेल तर कॉलेज हात आखडतंय.

कॉलेजांच्या वेबसाइटवर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो, कायद्याने तो ठेवावाच लागतो. पण बहुतेक ठिकाणी तो अमेरिकन कुटुंबांसाठी बांधलेला असतो; परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा असेल तरच त्यावर विश्वास ठेवा. नसेल तर मदत कार्यालयाला ईमेल करा. भाचीने विचारलेले प्रश्न हे: परदेशी विद्यार्थ्याच्या मदतीत कर्ज धरता का? फी वाढली तर अनुदान वाढतं का, की वाढ आमच्यावर येते? हिशेब दरवर्षी नव्याने होतो का? आरोग्य विमा आणि विमानप्रवास धरलेला असतो का? सात कॉलेजांना लिहिलं, पाचांकडून सरळ उत्तरं आली. एकाने गोल गोल लिहिलं आणि एकाकडून काहीच नाही. ती दोन नावं आम्ही खोडली.

पाचवं काम: कॉलेज चार वर्षं टिकेल का

ही शंका आपल्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. पण अमेरिकेत छोटी कॉलेजं बंद पडतात. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज आणि अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न, दोन्ही जुनी आणि दोन्ही २०२४ मध्ये बंद झाली. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायरने २०१५ मध्ये बंद करायचं जाहीर केलं होतं, माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे करून ते वाचवलं. तेव्हा मोठ्या निधीच्या कॉलेजाकडून मिळालेली मदत आणि कोरड्या तिजोरीच्या कॉलेजाने दिलेली भरघोस सूट यांत फरक करा. दुसऱ्या प्रकारची सूट म्हणजे रिकामे वर्ग भरायची धडपड असू शकते.

तपासायचं कसं? एकूण निधीला विद्यार्थीसंख्येने भागा; पहिल्या दोन गटांतल्या कॉलेजांत दरडोई आकडा काही लाख डॉलर येतो. पटसंख्या सलग चार-पाच वर्षं घसरते आहे का ते कॉमन डेटा सेटमध्येच दिसतं. अमेरिकेचं शिक्षण खातं खासगी कॉलेजांना उणे एक ते तीन असा आर्थिक प्रकृतीचा गुणांक देतं. दीडच्या खाली असेल तर तिकडे फिरकू नका.

सहावं काम: पैशांचा अर्ज

बहुतेक कॉलेजं कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेचा सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज मागतात. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६. काही कॉलेजं परदेशी मुलांना फी माफीचा कोड देतात, मागायला लाजू नका. काही ठिकाणी याऐवजी आयएसएफएए हा फुकटचा फॉर्म चालतो. प्रवेशाच्या अर्जाला कोल्बी, स्मिथ, ग्रिनेल यांसारख्या कॉलेजांत फीच नाही.

आता माझीच चूक सांगते. अर्ज रुपयांत भरता येतो. भावाचं उत्पन्न बारा लाख. माझ्या हाताला बावीस वर्षांची सवय १२,००,००० अशी. तिकडची पद्धत तीन-तीन आकड्यांची, पडद्यावर ते १,२००,००० असं दिसायला हवं होतं. दिसलं १२,०००,०००. स्वल्पविराम जागेवर आहेत म्हणून मी पुढे गेले, एक शून्य जास्त पडलंय हे लक्षातच आलं नाही. एक कोटी वीस लाखांचं उत्पन्न दाखवून कन्या मदत मागतेय! सबमिट करण्याआधीच्या रात्री वहिनीने बोट ठेवलं, “ताई, हे आपलं नाही.” तेव्हापासून प्रत्येक रक्कम मी आधी कागदावर अक्षरी लिहिते, मगच टाइप करते.

आपल्या घरांचे काही हिशेब या अर्जाच्या रकान्यांत बसतच नाहीत. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयकराच्या विवरणपत्रात ते बहुतेकदा धड दिसत नाही. सातबाऱ्यावर आठ नावं आणि त्यातली दोन वारलेली. दुकानाची उलाढाल साठ लाख, हातात राहणारे बारा. पुण्या-ठाण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट कागदावर सव्वा कोटीचा, पण विकून राहायचं कुठे? अर्जाच्या शेवटी खुलाशाची जागा असते, आणि कॉलेजला वेगळं पत्रही पाठवता येतं. आमच्या पत्रात चार परिच्छेद होते: जमिनीत भावाचा वाटा नेमका किती आणि तो एकट्याने का विकता येत नाही, उलाढाल आणि नफा यांतला फरक, ताळेबंद जोडून, आमचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं आणि दिलेले आकडे कोणत्या वर्षाचे, आईच्या औषधपाण्याचा खर्च, बिलांसह. रडगाणं एका ओळीचंही नाही. वाचणाऱ्याला सहानुभूतीपेक्षा हिशेब लागतो.

कागद आधीच जमवा: दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं, नोकरी असेल तर फॉर्म १६, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, कर्जाचा दाखला. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून त्यावर सही-शिक्का घ्या. प्रॉव्हिडंट फंड रोकड म्हणून दाखवू नका, तो निवृत्तीच्या बचतीच्या रकान्यात जातो. आईवडील विभक्त असतील तर काही कॉलेजं दोघांचेही अर्ज मागतात. तसं असेल तर सप्टेंबरातच कार्यालयाला लिहा.

आणि लपवाछपवी नको. सोनं, ठेवी, काकांनी भरलेली फी, जे विचारलंय ते सांगा. एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, “त्यांना कुठून कळणार?” त्यांची फाइल मी परत दिली.

सातवं काम: ज्युनिअर कॉलेजचे कागद

महाराष्ट्रातल्या मुलांची खास अडचण इथे आहे. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसरीकडे. अमेरिकन कॉलेजला नववीपासून चारही वर्षांचे गुण लागतात, म्हणजे दोन संस्थांचे शिक्के. शिवाय दोन शिक्षकांची शिफारसपत्रं. ज्या ‘इंटिग्रेटेड’ बॅचमध्ये मूल कॉलेजात पाऊलच टाकत नाही, तिथले सर त्याच्याबद्दल काय लिहिणार? या वाटेने जायचं ठरत असेल तर अकरावीला असं ज्युनिअर कॉलेज निवडा जिथे वर्ग भरतात. भाचीच्या गणिताच्या मॅडमनी आयुष्यात असं पत्र लिहिलं नव्हतं. आम्ही त्यांना नमुने दिले नाहीत, एवढंच म्हटलं, “वर्गात घडलेला एखादा प्रसंग लिहा.” त्यांनी फळ्यावरची स्वतःची चूक भाचीने कशी दाखवली ते लिहिलं.

बारावी बोर्डाचा निकाल मे महिन्याच्या सुमाराला लागतो आणि प्रवेशाचा निर्णय मार्चअखेर येतो, म्हणून शाळेकडून अंदाजित गुण घ्यावे लागतात. सॅट ही प्रवेशासाठीची परीक्षा बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक आहे. चांगले गुण असतील तरच पाठवा.

कन्सल्टंटला लाखभर रुपये देण्याआधी अमेरिकन सरकारच्या एज्युकेशन-यूएसए केंद्राशी बोलून घ्या. मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या कार्यालयात ते आहे, आणि सल्ला फुकट मिळतो.

आठवं काम: अर्ली डिसिजन घ्यायचं का

नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा जानेवारीत एकाच कॉलेजला बांधील राहून अर्ज करता येतो. प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं; मदत अपुरी ठरली तरच सुटका. नीड-अवेअर कॉलेजात याचा फायदा होतो असं माझं मत, कारण मदतीची तिजोरी तेव्हा भरलेली असते. पण हे फक्त पूर्ण गरज भागवणाऱ्या कॉलेजसाठीच करा, आणि आधी मदत कार्यालयाकडून अंदाज मागवून. मेरिटवाल्या कॉलेजला असं बांधून घेतलं तर तुलना करायला हातात काही उरत नाही.

नववं काम: मदतीचं पत्र वाचणं, आणि कर

मार्चअखेर पत्रं येतात, उत्तर १ मे पर्यंत द्यायचं. पत्रातली एकूण मदत बघू नका. ग्रँट म्हणजे परत न करायची रक्कम, ती वेगळी काढा. कर्ज ही मदत नव्हे. ‘वर्क’ म्हणून दोन-तीन हजार डॉलर दाखवले असतील तर ते मुलाने वर्षभर राबून मिळवायचे असतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं. एकूण खर्चातून फक्त ग्रँट वजा करा, आणि जो आकडा उरेल तो वहीच्या पहिल्या पानावरच्या लाल आकड्याशेजारी लिहा. भाचीला तीन पत्रं आली. उरलेले आकडे होते ५,२००, ९,८०० आणि ३१,०००. तिसऱ्या कॉलेजने अभिनंदन सगळ्यात गोड शब्दांत केलं होतं.

फरक थोडा असेल तर विनंती करता येते. घासाघीस म्हणून नाही, नवी माहिती म्हणून: दुकानाचं या वर्षीचं नुकसान, घरातलं आजारपण, दुसऱ्या कॉलेजचं पत्र. ९,८०० वाल्यांनी फेरविचार करून ७,५०० केले. आम्ही ५,२०० वालं घेतलं आणि तेवढ्यासाठी भावाने दुकानाची गाडी बदलायचं पुढे ढकललं.

आता ज्याबद्दल कन्सल्टंट बोलत नाहीत ते. शिक्षण शुल्क आणि पुस्तकांपलीकडची ग्रँट, म्हणजे खोली आणि जेवणासाठी मिळालेली, अमेरिकेत करपात्र आहे, आणि एफ-१ वाल्यांच्या अशा रकमेवर १४ टक्के कर कापला जातो. समजा ग्रँट ८० हजार आणि शुल्क ६५ हजार; वरच्या १५ हजारांवर २,१०० डॉलर कापले जातील, आणि ते ऐन सत्राच्या बिलात तुमच्या नावे निघतील. पहिल्या वर्षी हे हातात ठेवा. पण भारत-अमेरिका करकराराच्या एकविसाव्या कलमाने भारतीय विद्यार्थ्यांना एक सवलत दिली आहे, जी बहुतेक इतर देशांच्या मुलांना नाही: अमेरिकन रहिवाशांसारखी प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) घेता येते. २०२४ सालासाठी ती १४,६०० डॉलर होती. म्हणजे १५ हजारांतले ४०० च करपात्र उरतात आणि कापलेले जवळजवळ सगळे पैसे परत मिळतात. कॅम्पसवरची कमाई असेल तर ती यात मिळवायची. त्यासाठी पुढच्या वर्षी १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर हे विवरणपत्र भरावं लागतं, सोबत ८८४३ हा फॉर्म. उत्पन्न काहीच नसलं तरी ८८४३ द्यायचाच असतो. कॉलेजचं परदेशी विद्यार्थी कार्यालय यासाठी सॉफ्टवेअर देतं, पण करकराराची वजावट त्यात नीट आली आहे का ते स्वतः बघा. भाचीच्या पहिल्या विवरणपत्रात ती आली नव्हती. रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघींनी ते पुन्हा भरलं, परतावा जूनमध्ये जमा झाला.